शनिवारची गोळी

आमच्या बेळगावकडे माणूस तीन भाषांत आजारी पडतो. दुखणं मराठीत सांगायचं, औषध कसं घ्यायचं ते कन्नडात ऐकायचं आणि रक्ताचा रिपोर्ट इंग्रजीत वाचायचा. एवढ्यावर भागत नाही. शेजारीपाजारी, सोयरेधायरे यांचे सल्ले असतातच, आणि सल्ला मात्र कुठल्याही भाषेत सारख्याच ठामपणे देता येतो. मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे अमुक गोष्टीचं कारण तमुकच, असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. गेल्या काही वर्षांत घरातच त्या पेनाला भरपूर काम मिळालं.

नात तेव्हा सात वर्षांची, दुसरीत. २०२२ च्या गणपतीच्या सुमारास तिचा उजवा गुडघा सुजला. पडली नव्हती, कुठं आपटली नव्हती, अंगात तापही नव्हता. सकाळी उठली की पाय आखडलेला असायचा. जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी. दहा-अकरा वाजले की तीच पोर अंगणात खेळायला हजर! शाळेतल्या बाईंना वाटलं, सकाळच्या शाळेचा कंटाळा असेल. पण दसरा झाला तरी सूज उतरेना, उलट डावा घोटाही भरला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी जास्त प्रयोग न करता मोठ्या शहरातल्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं, हे त्यांचे उपकार.

निदान झालं ते असं : जुवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस. म्हणजे लहान मुलांचा संधिवात. सोळा वर्षांच्या आत सुरू होणारा, निदान सहा आठवडे टिकणारा, आणि ‘इडिओपॅथिक’ म्हणजे ज्याचं कारण ठाऊक नाही असा. वैद्यकशास्त्राने आपलं अज्ञान नावातच कबूल करून टाकलंय, याचं मला कौतुक वाटलं. शरीराचं संरक्षण करणारी यंत्रणाच आपल्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते आणि तिथं दाह सुरू होतो. या आजारात डोळ्यांच्या आतही दाह होऊ शकतो, आणि तो दुखत नाही, डोळा लालही दिसत नाही. म्हणून ठरावीक महिन्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे यंत्राखाली तपासणी. गुडघ्याचा आजार आणि डोळ्यांची तपासणी, हे आमच्या नातेवाईकांना शेवटपर्यंत पटलं नाही.

रक्ताच्या रिपोर्टात दाहाचे आकडे वाढलेले होते. त्यांच्या खाली आणखी एक ओळ होती : व्हिटॅमिन डी, ९. आकड्याशेजारी खाली रोखलेला बाण. औषधाच्या चिठ्ठीवर तीन गोष्टी होत्या : मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, फॉलिक ॲसिड, आणि व्हिटॅमिन डी.

त्या एका बाणावरून घरात पुढचे पंधरा दिवस वाद झाला.

धारवाडचे आमचे साडू मुद्दाम भेटायला आले. माणूस मायाळू, पण वाचन अर्धवट. त्यांनी मेथोट्रेक्सेटचं नाव कुठंतरी वाचलेलं. “मास्तर, कॅन्सरचं औषध लेकराला देताय? अहो, रोग कागदावर लिहिलाय की. व्हिटॅमिन नऊ आहे. ते भरून काढा, रोज उन्हात बसवा, गुडघा आपोआप उतरेल.” माझ्या पत्नीलाही हे बरं वाटलं. का नाही वाटणार? व्हिटॅमिन म्हणजे जीवनसत्त्व. नावातच जीवन आणि सत्त्व. पलीकडे मेथोट्रेक्सेट, ज्यासाठी दर काही आठवड्यांनी यकृताचं रक्त तपासायचं. यातलं एक निवडा म्हटल्यावर आजी काय निवडणार?

मुलगा आणि सून मात्र डॉक्टरीणबाईंच्या शब्दावर होते. मी मधे. मग मी माझ्या जुन्या सवयीप्रमाणे वाचायला बसलो, आणि जे हाती लागलं ते इथं मांडतो. आपल्यापैकी कुणाच्या घरी असा कागद आलाच, तर उपयोगी पडेल.

व्हिटॅमिन डीचं महत्त्व खोटं नाही. मुडदूस हा रोग त्याच्या अभावी होतो, आणि त्याचा एक धागा आपल्या नाशिकला येऊन मिळतो. १९२२ साली हचिसन आणि शहा या दोघांनी नाशिकमधल्या पाहणीवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं ते उलटंच होतं. उन्हातान्हात राबणाऱ्या गरिबांच्या घरात मुडदूस नव्हता. तो होता पडद्यात राहणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांतल्या स्त्रियांत आणि मुलांत. अन्न भरपूर, पण ऊन नाही. त्याच्या तीनच वर्षं आधी, १९१९ साली, बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी अतिनील दिव्याखाली मुलांना ठेवून मुडदूस बरा करून दाखवला होता. पुढे १९२८ चं रसायनशास्त्राचं नोबेल विंडाउस यांना मिळालं, ते याच कुळातल्या रसायनांच्या अभ्यासाबद्दल.

आज आपल्याकडे पडदा गेला, पण शाळा, शिकवणी आणि फ्लॅट आले. २०१६ ते १८ या काळात देशभर झालेल्या पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या मुलांपैकी १४ टक्के, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी १८ टक्के आणि किशोरवयीनांपैकी २४ टक्के मुलांत व्हिटॅमिन डी कमी आढळलं. म्हणजे उन्हाच्या देशात ही स्थिती. आणि आपण ज्या कोवळ्या उन्हाचं कौतुक करतो, त्यात हे व्हिटॅमिन तयार करणारे किरण फारच थोडे असतात. सूर्य वर चढलेला हवा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते ती वेळ. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन तर या बाबतीत निरुपयोगीच.

तेव्हा नातीचं व्हिटॅमिन डी कमी होतं, ते भरून काढणं जरूर होतं, यात वाद नाही. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेच्या मोजमापाप्रमाणे १२ च्या खाली ती कमतरताच. (पुष्कळ लॅबच्या कागदावर ३० च्या खाली गेलं तरी बाण काढतात, आणि आईबाप घाबरतात. संघटनेच्या हिशेबी २० च्या वर पुरेसं आहे.) वाद होता तो पुढच्या उडीचा : व्हिटॅमिन कमी आहे, गुडघा सुजला आहे, म्हणून व्हिटॅमिन कमी असल्यामुळे गुडघा सुजला.

मुलांना मी नेहमी सांगत असे, पाऊस पडला की छत्र्या उघडतात, म्हणून छत्र्यांमुळे पाऊस पडत नाही. इथंही तसंच काहीसं असू शकतं. दाहाचा आजार असलेलं मूल बाहेर खेळत नाही, ऊन लागत नाही, जेवण कमी होतं; व्हिटॅमिन उतरतं. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट मला नव्यानेच कळली. शरीरात दाह भडकला की रक्तातली व्हिटॅमिन डीची पातळी स्वतःहून खाली येते. गुडघेरोपणाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसांतच ती घसरल्याचं मोजलं गेलं आहे. आता दोन दिवसांत काही माणसाचं ऊन आणि आहार बदलत नाही. दाहामुळे रक्तातली प्रथिनं बदलतात, त्यात व्हिटॅमिन वाहून नेणारं प्रथिनही आलं, आणि आकडा खाली दिसतो. म्हणजे तो ९ चा आकडा काही अंशी आजाराचा परिणामही असू शकत होता. साडूंनी ज्याला आरोपी ठरवलं, तो कदाचित फक्त साक्षीदार होता.

बरं, व्हिटॅमिन डीचा आणि संरक्षण-यंत्रणेचा काहीच संबंध नाही, असंही नाही. आपल्या पांढऱ्या पेशींवर या व्हिटॅमिनसाठी खास जागा असतात. संधिवात किंवा आतड्याचा दाह असलेल्या मुलांत पातळी कमी आढळल्याचे अभ्यास पुष्कळ आहेत; काहींत कमी पातळी आणि जास्त आजार हातात हात घालून चालताना दिसले, काहींत नाही. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या २५,८७१ माणसांवर मोठी चाचणी झाली. त्यांतल्या निम्म्यांना सुमारे पाच वर्षं रोज २००० युनिट व्हिटॅमिन डी दिलं. २०२२ च्या जानेवारीत निष्कर्ष छापून आला : या गटात स्वतःच्याच शरीरावर उलटणारे आजार नव्याने होण्याचं प्रमाण २२ टक्क्यांनी कमी. साडूंनी ही बातमी मला मोठ्या विजयाने दाखवली. मी त्यांना एवढंच दाखवलं की ती माणसं पन्नाशीपुढची होती, नात सात वर्षांची. ती निरोगी होती, नातीला आजार झालेला होता. आणि आजार टाळणं निराळं, झालेला आजार उतरवणं निराळं. छत्री घेऊन निघणं आणि भिजल्यावर अंग पुसणं, यांत जो फरक आहे तो.

आता त्या ‘कॅन्सरच्या औषधा’विषयी. त्याची कथा तर एका व्हिटॅमिनपासूनच सुरू होते, आणि तीही मुंबईत. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग होत असे, त्याचा शोध घेत होती. यीस्टपासून केलेला मार्माइट नावाचा काळपट लेप खाल्ल्याने त्या बायका सुधारतात, हे तिने १९३१ साली जाहीर केलं. त्यात दडलेलं जीवनसत्त्व पुढे पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं आणि लॅटिनमधल्या पान या शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड नाव पडलं. १९४५ च्या सुमारास अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झालं. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव.

बोस्टनच्या सिडनी फार्बर यांना रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांत फॉलिक ॲसिडने रोग चेवतो असं वाटलं. मग उलटा विचार झाला : या व्हिटॅमिनसारखंच दिसणारं, पण त्याचं काम अडवणारं द्रव्य दिलं तर? सुब्बाराव यांच्या चमूने तशी द्रव्यं बनवली. १९४८ साली फार्बर यांनी सोळा मुलांवरचा अनुभव छापला, त्यांतल्या दहांना तात्पुरता का होईना, उतार पडला होता. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट. व्हिटॅमिन म्हणजे निव्वळ अमृत, कुणालाही कितीही द्यावं, असं मानणाऱ्यांनी ही हकीगत जरूर लक्षात ठेवावी.

मुलांच्या संधिवातात मेथोट्रेक्सेट देतात ते कर्करोगाच्या मानाने फार थोडं, आणि आठवड्यातून एकदाच. त्याचा कस लागला १९९२ साली. अमेरिका आणि तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या डॉक्टरांनी मिळून १२७ मुलांचे तीन गट केले. एका गटाला शरीराच्या दर चौरस मीटरला १० मिलिग्रॅम, दुसऱ्याला ५ मिलिग्रॅम, तिसऱ्याला औषध नसलेली नुसती गोळी. सहा महिन्यांनी पहिल्या गटातली ६३ टक्के मुलं सुधारली, दुसऱ्यातली ३२ टक्के, आणि नुसत्या गोळीच्या गटातली ३६ टक्के.

हा शेवटचा आकडा मी साडूंना पुन्हा पुन्हा वाचून दाखवला. काहीही औषध पोटात न गेलेल्या शंभर मुलांमागे छत्तीस मुलं सुधारली! हा आजार मुळातच भरती-ओहोटीचा. अशा वेळी त्या छत्तीस घरांत कुणी ताईत बांधला असेल, कुणी लेप लावला असेल, कुणी व्हिटॅमिनची पावडर दिली असेल, तर त्या घरांना काय वाटलं असतं? ‘आमच्या पुतण्याला नुसत्या व्हिटॅमिनने गुण आला’ हे सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्याकडे फक्त दुसरा गट नसतो.

उन्हाबद्दलही एक गोष्ट डॉक्टरीणबाईंनी बजावली. सांधे सुजवणारा ल्यूपस नावाचा आणखी एक दाहाचा आजार मुलांना होतो, त्यात ऊन हे चक्क विष ठरतं. आजार उन्हाने उफाळतो. तेव्हा निदान होण्याआधी ‘सांधे दुखतात ना, मग बसव उन्हात’ हा सल्ला सरसकट देण्याजोगा नाही. आणि व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटांची पाकिटं आपल्याकडे चॉकलेटसारखी मिळतात. मुलाला रोजची गरज ६०० युनिटांची. ती पाकिटं मनाने देत राहिलं तर रक्तात कॅल्शियम साठून उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, शेवटी मूत्रपिंडाला अपाय, इथवर मजल जाते.

अखेर औषध सुरू झालं. तिन्ही सुरू झाली. आणि पहिल्याच दिवशी आमच्या सीमाभागाने आपला हिसका दाखवला.

सून कोल्हापूरकडची. कन्नड समजतं, पण कामापुरतं. औषधाच्या दुकानातल्या पोराने गोळ्या देताना सांगितलं, “वारक्क वंद सल.” ती घरी आली आणि विचारात पडली. मराठीत वार म्हणजे सोमवार, मंगळवार. वारागणिक एक, म्हणजे रोज एक? पण चिठ्ठीवर तर दुसरंच काही लिहिल्यासारखं दिसत होतं. पोरगी शहाणी, पाकीट न फोडता शेजारी गेली. शेजारच्या अक्का गोकाकच्या. त्यांनी कपाळाला हात लावला. “अग बाई, वार म्हंजे आठवडा आमच्यात! आठवड्याला एकदा म्हणाला तो.” एकच शब्द, दोन्ही भाषांत रोजचा. मेथोट्रेक्सेट आठवड्याऐवजी चुकून रोज घेतल्याने तोंड सोलून निघालेली, रक्तातल्या पेशी खाली गेलेली आणि जिवाला मुकलेली माणसं जगभर आहेत. त्या दुकानातल्या पोराचं काही चुकलं नव्हतं, तो त्याच्या भाषेत बरोबरच बोलला होता. पण त्या दिवशी अक्कांचं दार बंद असतं तर, हा विचार मला अजून झोपेतून उठवतो.

त्या संध्याकाळी सुनेने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक शनिवारी लाल गोल केला. शनिवार अशासाठी की या गोळीने दुसऱ्या दिवशी मळमळतं, आणि रविवारी शाळा नसते. त्या गोळीने फॉलिक ॲसिडचं काम अडतं, म्हणून मळमळ, तोंड येणं, यकृताला त्रास कमी व्हावा यासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी फॉलिक ॲसिडही द्यायचं. एका हाताने व्हिटॅमिन अडवायचं, दुसऱ्या हाताने थोडं परत द्यायचं, हा हिशेब घरच्या अंदाजाने जमण्यासारखा नाही.

शनिवार सोपे नव्हते. गोळी दिसली की पोरीला आधीच उमासे यायचे. ‘आजोबा, आज शुक्रवारच आहे असं सांगा ना’, म्हणायची. पहिले सहा आठवडे काहीच फरक नाही. साडूंचा फोन दर रविवारी. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की दोन-तीन महिने वाट पाहावी लागते. ती वाट पाहणं हेच या आजारातलं सर्वांत कठीण औषध. नवव्या आठवड्यात एका सकाळी ती जिन्यावरून कठडा न धरता उतरली. कुणी काही बोललं नाही. माझी पत्नी देवघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

चौथ्या महिन्यात पुन्हा रक्त तपासलं. दाहाचे आकडे उतरले होते आणि व्हिटॅमिन डी २६ झालं होतं. साडू म्हणाले, “बघा, व्हिटॅमिन चढलं, सूज उतरली.” मुलगा म्हणाला, “बाबा, मेथोट्रेक्सेटने सूज उतरली.” मी दोघांनाही सांगितलं, की एका मुलीवरून हे ठरत नाही. कदाचित दाह उतरल्यामुळेच व्हिटॅमिनचा आकडा आणखी थोडा वर आला असेल. कदाचित भरल्या हाडांनी औषधाला साथ दिली असेल. पण तीन गट करून जे पारखलं गेलं, ते या तिघांत शनिवारच्या गोळीचंच आहे. व्हिटॅमिन डी द्यायचं ते हाडांसाठी, वाढीसाठी, आणि कमी होतं म्हणून. तेवढं कारण पुरेसं आहे. त्याच्या डोक्यावर दुसऱ्याचा मुकुट कशाला?

नात आता दहा वर्षांची आहे. गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू आहे, डोळ्यांची तपासणी चुकत नाही, आणि दुपारच्या सुट्टीत ती मैदानावर असते, तिथं ऊन फुकट मिळतं. दिनदर्शिकेतले गोल आता ती स्वतःच करते. आपल्या दुभाषी मुलखातल्या आईबापांना मी एवढंच सांगेन. आठवड्याच्या औषधाला ‘आठवड्यातून एकदा’ म्हणून थांबू नका, वाराचं नाव लावा. शनिवार तर शनिवार. तो मराठीतही शनिवार आणि कन्नडातही शनिवार. दुकानदाराकडून तो वार म्हणवून घ्या आणि पाकिटावर लिहवून घ्या. रिपोर्टातल्या बाणाने घाबरू नका, पण तो पाहून चालू औषध बंदही करू नका. दोन्ही कागद घेऊन डॉक्टरांना विचारा. आणि शेजारी अक्का असतील, तर त्यांचं दार वाजवायला लाजू नका.